रजिस्टरातली एक ओळ

परवा रात्री भाचीचा फोन आला. नर्सिंग झाल्यावर दोन वर्षं तिने एका खासगी दवाखान्यात काढली, आणि आता अकोले तालुक्यातल्या एका निवासी शाळेत तिला नोकरी लागलीये. (अकोला नव्हे हो, अकोले. आमच्या नगर जिल्ह्यातलं. २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण एसटीच्या रांगेत अजून "नगर"च ऐकू येतं.) पहिला आठवडा संपला होता. जेवण कसं आहे, खोली कशी आहे, रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ कशी येते, हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "मावशी, एक विचारू? मुलं पडली-झडली तर रजिस्टरला नेमकं कधी लिहायचं गं? तीनशे पोरं आहेत. सगळंच लिहायचं म्हटलं तर दिवसभर लिहीतच बसेन. आणि सर म्हणाले, किरकोळ असेल तर नका लिहू, उगाच कागद वाढतात."

"उद्या सांगते" म्हणून मी फोन ठेवला. खरं तर उत्तर तयार होतं. पण ते मला ज्या दिवशी मिळालं त्या दिवसाबद्दल मी घरात कुणालाच कधी सांगितलेलं नाही, आणि तो भाग वगळून सांगितलं तर उत्तर पुस्तकातल्यासारखं होतं. म्हणून इथे लिहितेय. जाऊबाई, तुम्हीही वाचालच. त्या संध्याकाळी मी तुमच्याकडेच यायला निघाले होते.

आधी थोडं शाळा आणि नर्स या जोडीबद्दल. आमच्या नात्यातल्या परदेशात राहणाऱ्या मंडळींना वाटतं की शाळा म्हटली की नर्स असणारच. तिकडे ते खरंही आहे. न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली लीना रॉजर्स नावाच्या एका नर्सला प्रयोग म्हणून चार शाळांत पाठवलं होतं. तोवर डॉक्टर यायचे, डोळे आलेत, खरूज आहे असं काही दिसलं की मुलाला घरी पाठवायचे, आणि ते मूल घरीच राहायचं. या बाईंनी शाळेतच मलमपट्टी केली, घरी जाऊन आयांना समजावलं आणि केलेल्या कामाच्या नोंदी ठेवल्या. काही महिन्यांतच शहराने आणखी नर्सेस नेमल्या.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत नर्स नसते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता, आणि वर्षातून एकदा शाळा तपासून जातं. ते काम चांगलं आहे, हृदयाला छिद्र असलेली कितीतरी मुलं त्यातून सापडलीयेत. पण मूल काही पथकाची तारीख बघून पडत नाही. रोजच्या पडझडीला गुरुजी आणि बाईच. नर्सचं पद असतं ते टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयासारख्या निवासी शाळांमध्ये. मी अशाच एका (नवोदय नव्हे, दुसऱ्या) निवासी शाळेत नऊ वर्षं काढली. जिल्ह्याच्या पूर्वेकडे, ऊसतोडीला जाणाऱ्या गावांच्या पट्ट्यात. नाव लिहीत नाही.

शाळेत नोंदींची कमतरता असते असं मात्र कुणी समजू नका. हजेरीपट, जनरल रजिस्टर, आवक-जावक, किर्द, डेड स्टॉक, हालचाल रजिस्टर, शेरेबुक, सूचना वही... पोषण आहाराचं तर वेगळं कपाट. त्यात एक चव नोंदवहीसुद्धा असते. खिचडी मुलांना वाढायच्या आधी कुणीतरी मोठ्या माणसाने चाखायची, आणि कशी होती ते लिहून सही करायची. ही वही मला फार आवडते. कारण तिच्यात वेळेचा नियम स्वच्छ आहे : मुलांनी खाण्याच्या आधी. मुलं खाऊन उलट्या करायला लागल्यावर "चव उत्तम होती" असं लिहिण्याला काही अर्थ नाही हे सगळ्यांना कळतं. मुलाच्या डोक्याला लागलं की मात्र हीच साधी गोष्ट आपण विसरतो.

मोठा अपघात झाला की नोंद आपोआप होते. २८ ऑगस्ट २०१७ ला नगर-जामखेड रस्त्यावरच्या निंबोडी गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत भर पावसात कोसळलं, तीन मुलं गेली, अनेक जखमी झाली. पंचनामा झाला, पेपरात आलं, मग जिल्हाभरच्या शाळाखोल्यांची तपासणी करायची धावपळ सुरू झाली. त्या दिवसाचं कुणाला विस्मरण होणार नाही. प्रश्न आहे तो ज्या गोष्टी घडताना काहीच वाटत नाहीत त्यांचा.

तर झालं असं.

जानेवारी २०२३, शुक्रवार. संक्रांत नुकतीच झालेली, थंडी कडाक्याची. संध्याकाळी मुलं कबड्डी खेळत होती. सातवीतला एक मुलगा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, एक हात कानावर. डाव्या कानाच्या वर टेंगूळ. "हौदाच्या काठाला लागलं. काय नाय ओ सिस्टर, टेंगूळ आलंय फक्त." मी बघितलं. रक्त नाही. नीट बोलतोय, नीट चालतोय, बाहेरून मित्र हाका मारतायत तर अर्धं लक्ष तिकडे. मी थंड पाण्याची पट्टी ठेवली, दहा मिनिटं बसवलं आणि सोडला.

रजिस्टर टेबलावर उघडं होतं. पेनसुद्धा वर होतं. पण साडेपाचची एसटी गाठायची होती, जाऊबाईंकडे हळदीकुंकू होतं, आणि किरकोळच तर आहे. उद्या सकाळी लिहू. वसतिगृहाच्या अधीक्षकांना जाताना सांगून जावं असंही मनात आलं होतं. ते कोठीत धान्य मोजून घेत होते. मी हात केला आणि निघाले.

रात्री त्याने दोनदा उलटी केली. तिळाचे लाडू सगळ्यांनीच खाल्ले होते, म्हणून अधीक्षकांना वाटलं पोटाचं आहे. त्यांनी त्याला साखर-मीठ-पाणी दिलं, पांघरूण घातलं, दोनदा येऊन बघितलं. माणूस काळजीवाहू होता, हे मला मुद्दाम सांगायचंय. डोक्याला लागलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर उलटीचा अर्थ त्यांनीही वेगळा लावला असता. सकाळी तो हाका मारून उठेना.

ग्रामीण रुग्णालय, तिथून नगर, सीटी स्कॅन, कवटीच्या आत रक्त साचलेलं, ताबडतोब ऑपरेशन. तिथल्या तरुण डॉक्टरने भराभरा विचारलं : किती वाजता लागलं? मधे शुद्ध गेली होती का? पहिली उलटी कधी? आम्ही तिघं जण होतो आणि तीन उत्तरं. सोबत आलेला मित्र म्हणाला, खेळ सुरू झाला तेव्हाच. अधीक्षक म्हणाले, जेवणानंतर सातच्या सुमारास काहीतरी झालं असावं. मी फोनवर होते, एसटीत. म्हटलं, पाच. त्या घाईत केसपेपरवर सात लिहिलं गेलं.

डोक्याच्या माराचं हे असंच असतं. लागल्यावर काही तास मूल अगदी ठणठणीत दिसू शकतं, बोलतं, जेवतं, खेळतं, आणि आत रक्त साचत असतं. हे मला माहीत नव्हतं का? परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत मी त्याच्यावर. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी झोप, बाहुल्या लहानमोठ्या, नाकाकानातून पाणी, झटका. पहिला दिवसभर यांवर नजर ठेवायची. पण नजर ठेवायची ती रात्री जागणाऱ्या माणसाने, आणि त्याला सांगायला कागदावरची ओळ लागते.

मुलगा वाचला. हे आधीच सांगते म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. डाव्या कानावरचा व्रण आता केसांत झाकला जातो.

आता जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते. सोमवारी शाळेत गेले. पोलिसांचा जबाब व्हायचा होता. कार्यालयातले भाऊसाहेब माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "सिस्टर, शुक्रवारच्या पानावर खाली जागा आहे का? एक ओळ घेऊन टाका बरं." जागा होती. मी घेतली. बारीक अक्षरात, शेवटच्या नोंदीच्या खाली : "५.१०. डोक्यास किरकोळ मार. थंड पट्टी. निरीक्षणाखाली ठेवले."

पाच दहा ही वेळ बहुधा बरोबरच होती. शेवटचे दोन शब्द खोटे होते. ते मला कुणी सांगितले नव्हते. भाऊसाहेब फक्त "एक ओळ" म्हणाले होते. ते दोन शब्द माझ्या हाताने आपोआप लिहिले, कारण तोवर मला शेवट माहीत होता. याच एका गोष्टीवर माझं आजचं सगळं मत उभं आहे. शेवट माहीत झाल्यावर लिहिलेली नोंद ही नोंद नसते, तो बचाव असतो. माणूस कितीही प्रामाणिक असो. म्हणून भाचीच्या "कधी" या प्रश्नाला माझं उत्तर : ते मूल खोलीतून बाहेर पडायच्या आधी. पुढे काय होणार ते तुलाही माहीत नसताना.

"किरकोळ" हा शब्द म्हणूनच मला नको वाटतो. किरकोळ होतं की नव्हतं हे दुसऱ्या दिवशी ठरतं, आणि आपण आदल्या संध्याकाळीच ठरवून मोकळे होतो.

मुलाचे आईवडील तेव्हा बेळगावकडे एका कारखान्यावर ऊस तोडत होते. वडील रविवारी पहाटे पोचले, तसेच, अंगावर पाचटाचा वास. ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले योजनेत बसला असता, पण रेशनकार्ड गावाकडे पेटीत, घराला कुलूप, आणि मुलगा टेबलावर. बिल रोख भरलं, मुकादमाकडून आणखी उचल घेऊन. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, जी पुढे नवराबायकोच्या एका कोयत्याने फेडायची असते. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे.

शासनाची एक योजना आहे, राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान. पहिली ते बारावीच्या मुलांसाठी. जून २०२२ च्या शासन निर्णयात तिच्या रकमा वाढल्या : अपघाती मृत्यू झाल्यास दीड लाख, आणि अपघातामुळे ऑपरेशन करावं लागलं तर दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च, जास्तीत जास्त एक लाखापर्यंत. (पालकांनो, ही योजना ठाऊक नसेल तर शाळेत विचारा. कित्येक शिक्षकांनाही ठाऊक नसते.) प्रस्ताव शाळेमार्फत जातो. आमचा गेला आणि त्रुटी काढून परत आला. केसपेपरवर सात, रजिस्टरला पाच दहा, जबाबात "सायंकाळी". अपघात नक्की कधी आणि कुठे झाला याचा खुलासा करावा. आता या शेऱ्यात त्या टेबलावरच्या माणसाची चूक मला काढता येत नाही. त्याच्यासमोर कागदच होते आणि कागद भांडत होते.

वडिलांचे हेलपाटे सुरू झाले. एके दिवशी व्हरांड्यात बसले होते, हातात प्रस्तावाची झेरॉक्स. मला बघून उठून उभे राहिले. माझ्या नोंदीवर बोट ठेवून अक्षर लावत लावत वाचलं आणि विचारलं, "ह्ये निरीक्षणाखाली म्हंजी कुठं ठिवलं व्हतं ओ बाई त्याला?"

आरोप नव्हता त्यात. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. एखादी वेगळी खोली असेल, पोरगं तिथे एकटं असेल, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे असावं.

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी पुटपुटले असणार. दुसऱ्या दिवशी मी त्या पानावर त्या ओळीखाली लिहिलं : "वरील नोंद सोमवारी, घटनेनंतर तीन दिवसांनी केली आहे. मुलास निरीक्षणाखाली ठेवलेले नव्हते. अधीक्षकांना सांगितले नव्हते." त्या दिवसाची तारीख, वेळ, सही. आणि मुख्याध्यापकांना नेऊन दाखवलं.

इथे मला टाळ्या नकोत. कारण पुढे काय झालं तेही ऐका. मला कारणे दाखवा नोटीस आली, ते ठीकच होतं. पण प्रस्ताव पुन्हा अडकला. आता तर रजिस्टरच म्हणत होतं की मी आधी खोटं बोललेय. अनुदान मंजूर झालं तेव्हा ते दोघं पुढच्या हंगामाला निघालेसुद्धा होते, त्याच मुकादमाबरोबर. मी गप्प राहिले असते तर पैसे लवकर आले असते का? कदाचित. हा हिशेब मला अजून सुटलेला नाही. शुक्रवारी पाच वाजून वीस मिनिटांनी एक खरी ओळ लिहिली असती तर हा हिशेब मांडायची वेळच आली नसती, एवढंच कळतं.

असो. भाचीच्या दुसऱ्या शंकेकडे वळते, सगळंच लिहायचं का?

माझं म्हणणं : खोलीत आलेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ. घड्याळात बघून वेळ, नाव, वर्ग, काय दिसलं, काय केलं. वीस सेकंद लागतात, मी मोजलेत. पण काही बाबतींत एका ओळीवर भागत नाही, तिथे अर्धं पान खर्च करायचं आणि त्याच वेळी कुणाला तरी तोंडी सांगायचं, कुणाला सांगितलं तेही लिहायचं. डोकं, डोळा, दात. भाजणं, शॉक. स्वतःच्या उंचीपेक्षा वरून पडणं. कुठलाही चावा. कुत्रा चावलेलं मूल बरेचदा सांगतच नाही, इंजेक्शनच्या भीतीने. पंधरा मिनिटं साबणाने धुवायचं आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. लसीचा पहिला डोस म्हणजे शून्य दिवस, मग तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. हे दिवस कोण लक्षात ठेवणार? दिवाळीच्या सुट्टीत मूल गावी गेलं की सातवा दिवस हमखास चुकतो. रजिस्टरला असेल तर चिठ्ठी तरी देता येते बरोबर.

विंचवाचं तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर जे काम केलं, ज्यामुळे कोकणात कितीतरी जीव वाचले, त्याच्या मुळाशी काय होतं? रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम टिपणं. खेड्यातल्या दवाखान्यात. वेळ लिहिलेली होती म्हणूनच विष शरीरात काय क्रमाने काम करतं ते समजलं.

आणि काय लिहायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. "मस्ती करताना पडला" हे लिहायचं नाही, तू बघितलं नसशील तर. "मुलगा म्हणतो हौदाच्या काठाला लागलं" असं लिहायचं, त्याच्याच शब्दांत. "मारल्याचे वळ" नाही, "पाठीवर तीन आडवे लाल वळ, बोटाएवढे रुंद" असं. निष्कर्ष दुसरे काढतील. पण मूल सांगतंय ते आणि दिसतंय ते जुळत नसेल, किंवा तेच मूल महिन्यात तिसऱ्यांदा आलं असेल, तर लिहून वही मिटायची नाही. शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंदी आहे. आणि लैंगिक अत्याचाराची नुसती शंका जरी आली तरी पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुझ्यावर, हो, तुझ्या एकटीवरसुद्धा, बंधनकारक आहे. मुख्याध्यापक "बघू" म्हणाले हे कारण चालत नाही. १०९८ हा नंबर खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लाव. मुलांनाही दिसेल असा.

"लिहिलं की अंगाशी येतं" हे प्रत्येक शाळेत ऐकू येतं, आणि ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. येतं अंगाशी. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहित्या आणि वर ही आणखी एक वही, असं गुरुजींना वाटणं मी समजू शकते. पण न लिहिलेलं कुणाच्या अंगाशी येतं तेही बघा ना. २०१६ मध्ये राज्यातल्या आदिवासी आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास करायला डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. सुमारे पंधरा वर्षांत हजारांवर मुलं गेलेली. आणि त्यातल्या कित्येकांच्या मृत्यूचं कारणच धड नोंदलेलं नाही असं दिसून आलं. साप होता, ताप होता, की आणखी काही... भाची जिथे रुजू झालीये तो पट्टाही आदिवासीच आहे. तिला मी हे फोनवर सांगितलं नाही, इथे वाचेल.

आपल्या जिल्ह्याला तर नोंदींचं वावडं असायला नको. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं तेव्हा ज्या बायका आरोग्यसेविका झाल्या, त्यांतल्या कितीतरी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्या मुलांची वजनं, गावातले जन्म-मृत्यू यांचा हिशेब ठेवायला शिकल्या. आणि हिवरे बाजारला गावकरी दर वर्षी पावसाचं पाणी मोजून, ताळेबंद मांडून, मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. मोजलेलं पाणी जपून वापरलं जातं.

माझ्या त्या शाळेत, त्या प्रकरणानंतर, मी प्रत्येक ओळ लिहायला लागले. मुलं हसायची, "सिस्टर, मच्छर चावला, लिहा." मी लिहायची. पावसाळा संपला तेव्हा पानं चाळताना दिसलं की पाच मुलं एकाच ठिकाणी घसरली होती, न्हाणीघराबाहेरच्या शहाबादी पायरीवर, सगळी सकाळी सहा ते सात या वेळात. पाच वेगवेगळ्या दिवशी पाच वेगवेगळी खरचटणी, एकेक बघितलं तर काहीच नाही. मी पान मुख्याध्यापकांपुढे ठेवलं. (हो, ज्यांनी मला नोटीस दिली होती तेच.) त्यांनी पाथरवट बोलावून पायरीला टाकी लावून घेतली आणि तिथे एक दिवा बसवला. खर्च किती आला ते त्यांनी किर्दीत लिहिलं.

तर भाचीबाई, एक शेवटचं, कारण कधी ना कधी चुकणारच आहेस. एसटी असेल, ताप असेल, एकाच वेळी चार पोरं दारात असतील. राहिलीच नोंद, तर मागच्या पानावर जागा शोधू नकोस. आजच्या पानावर, आत्ताची वेळ टाकून लिही : "उशिरा केलेली नोंद. काल सुमारे अमुक वाजता..." त्यात लाज वाटेल. वाटू दे. आणि कुणी दार लोटून घेऊन सौम्यपणे बोलायला लागलं तर दार उघड.

हे सगळं लिहून होईतो तिचा फोटो आलाय, बहुधा टाकीजवळ जाऊन पाठवलेला. तिच्या रजिस्टरचं आजचं पान. नवं कोरं, समास आखलेला, अक्षर माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं. पहिलीच नोंद : "८.२०. इयत्ता पाचवी. उजवा कोपर खरचटला, रक्त नाही. साबणाने धुतले. मुलगा म्हणतो, म्हशीने ढकलले."

शाळेच्या आवारात म्हैस कुठून आली ते लिहिलेलं नाही. आता फोन लावून विचारते.